सेल्फ बदलायचा होता

धम्मदीप ओव्हाळची गाडी पहिल्यांदा अडली ती जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी साडेसातला. किल्ली फिरवली की बॉनेटखालून ‘टक्’ असा एक आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. हडपसरच्या पुढे, मांजरी गावात एका नव्या गृहसंकुलाच्या बांधकामावर तो साइट इंजिनिअर होता आणि त्या दिवशी आठला तिथे पोचणं भाग होतं. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. टक्.

“बॅटरी नाय ती. सेल्फ गेलाय.”

आवाज तळमजल्याच्या खिडकीतून आला होता. सुखदेव पायगुडे तीन वर्षांपूर्वी बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. बिबवेवाडीतल्या त्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्यांना सगळे काकाच म्हणत. लेंगा आणि बनियनवरच ते बाहेर आले, बॉनेट उघडायलाही न सांगता म्हणाले, “न्यूट्रल कर. गेटपत्तर ढकलू, पुढं उतार हाय. उतारावर दुसरा गिअर टाक आन् क्लच सोड. धावंल.”

धम्मदीपने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं ठेवून खांदा लावला, काकांनी मागून. गेटशी तो उडी मारून आत बसला, उतारावर क्लच सोडला, गाडीने दोन गचके दिले आणि इंजिन सुरू झालं. आरशात काका हात वर करून उभे होते, एखादी बस मार्गाला लावून दिल्यासारखे.

त्याच संध्याकाळी तो मार्केट यार्डामागे भैरूच्या गॅरेजमध्ये गेला. भैरूने गाडीखाली शिरून बघितलं.

“सेल्फची मोटर संपलीय साहेब. नवी टाका. बसवून साडेसहा हजार.”

“दुरुस्त नाही होणार?”

“बावीसशेत करून देतो. पण महिन्याभरात परत आलात तर मला बोलायचं नाही.”

“पगार झाला की येतो,” धम्मदीप म्हणाला. भैरूच्या दोन माणसांनी धक्का मारून गाडी रस्त्याला लावून दिली.

जानेवारीत खरंच जमलं नाही. निकिताच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आणि घराचा हप्ता तर कुणासाठी थांबत नाही. निकिता, त्याची बायको, कात्रजच्या एका शाळेत शिकवायची. तिचाही पगार त्यात गेला. फेब्रुवारीत पैसे होते. पण त्रेचाळीस इंची टीव्हीवर सूट चालू होती आणि ती त्या रविवारी संपणार होती. टीव्ही आला. पहिली मॅच बघायला काका वर आले, बशीत चिवडा घेऊन शेवटच्या ओव्हरपर्यंत बसले, आणि जाताना म्हणाले, “नाना पेठेत माझ्या वळखीचा माणूस हाय. तू नुसती मोटर घिऊन ये, बसवायचं माझ्याकडं लागलं. दोन बोल्ट आन् तीन वायरी. मजुरी नको का काय नको.”

“पुढच्या महिन्यात नक्की, काका.”

मार्चला मात्र काही कारणच नव्हतं. धक्क्यावर काम भागत होतं एवढंच. संध्याकाळी साइटवर ढकलायला माणसं होती, सकाळी काका होते. सव्वासातला ते दाढी करून, चपला घालून पार्किंगमध्ये हजर असत. धम्मदीप पहिले काही दिवस त्यांच्याबरोबर ढकलायचा. मग एकदा त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला दाराचा काळा डाग लागला तेव्हा काकाच म्हणाले, “बस तू आत, मी आनतो गेटपत्तर.” तेव्हापासून तो आतच बसायला लागला. कधी कधी समोरचा इस्त्रीवाला हात लावायचा. एरवी काका एकटे.

विमलाबाई, काकांची बायको, खिडकीत भाजी निवडत बसलेल्या असायच्या. “डेपो परत सुरू झाला आमच्याकडे,” त्या म्हणायच्या. “फक्त पगार तेवढा येत नाही.”

पण त्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटीच, त्यांनी निकिताला जिन्यात गाठलं होतं. दोन वर्षांपूर्वी काकांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. जड काम करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. “धम्मदीपला सांग,” विमलाबाई म्हणाल्या, “पण मी सांगितलं म्हणून नको. यांना कळलं तर माझ्यावरच उखडतील. आजारी म्हटलेलं खपत नाही त्यांना.”

निकिताने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. धम्मदीप आरशासमोर दाढी करत होता.

“काकांना स्टेंट आहे. त्यांना ढकलायला लावू नकोस.”

“मी कुठे लावतो? तेच येतात. व्यायाम होतो म्हणतात.”

“धम्मदीप.”

“हो गं. या रविवारी टाकतो सेल्फ.”

तो रविवार गेला, आणखी पाच-सहा गेले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काका ढकलता ढकलता गेटच्या खांबाला धरून थांबले. धम्मदीप खाली उतरला. काकांच्या कपाळावर घाम होता, पण त्या दिवसांत सकाळी सातलाही सगळ्यांनाच घाम यायचा.

“काय झालं काका?”

“पित्त. रातच्याला शेंगदाण्याची चटणी जादा झाली. चल, बस आत.”

“राहू दे आज. मी रिक्षाने जातो.”

“मांजरीपत्तर? किती घेतील म्हाईत हाय का? बस म्हनलं ना.”

तो बसला. त्या दिवशी रस्ताभर त्याच्या मनात तेच होतं, आणि साइटवरून त्याने भैरूला फोनही केला. भैरू म्हणाला, मोटर मागवून ठेवतो, रविवारी दुपारच्या आत या. रविवारी धम्मदीप दहाला उठला. मग पोहे, मग पेपर, मग निकिताला बाजारात सोडायला तिच्याच स्कूटरवर. घरी आले तेव्हा दीड वाजला होता. भैरू एकला गॅरेज बंद करायचा.

मंगळवारी इस्त्रीवाला गावाला गेलेला होता. साइटवर स्लॅबचं काँक्रीट होतं, मिक्सरच्या गाड्या सातलाच निघाल्या होत्या, आणि मागच्या एका चाकात हवा कमी होती हे धम्मदीपला आदल्या दिवसापासून माहीत होतं. काकांनी ढकलायला सुरुवात केली. गाडी नेहमीपेक्षा जड चालली होती. मागून काकांचा श्वास त्याला उघड्या काचेतून ऐकू येत होता. गेटपाशी एकदा गाडी थांबली. धम्मदीप दाराच्या कडीला हात घालणार तेवढ्यात ती पुन्हा हलली आणि उताराला लागली. पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा नुसता गचका बसला. दुसऱ्यांदा, उतार जवळजवळ संपत आलेला असताना, इंजिनाने धरलं.

त्याने आरशात बघितलं. काका गेटमध्ये होते. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले, मान खाली. त्यांनी हात वर केला नाही.

थांबलो तर इंजिन बंद पडेल, असं त्याला वाटलं. पडलं असतंच असं नाही. शिवाय काँक्रीट निघालेलं होतं. आपल्याला दिसलं हे त्यांना कळावं, अशा काहीतरी अर्धवट विचाराने त्याने दोनदा हॉर्न दिला आणि गाडी मुख्य रस्त्याला वळवली.

फोन मागच्या सीटवरच्या बॅगेत होता. फातिमानगरच्या सिग्नलला तो वाजायला लागला, हडपसरच्या पुलावर पुन्हा वाजला. साइटवर पोचल्यावर त्याने बॅग उघडली. निकिताचे सात फोन. त्याने उलट फोन लावला.

“काका गेले,” ती म्हणाली.

“कुठे गेले?”

“हॉस्पिटलमधून बोलतेय मी,” ती म्हणाली. मग त्याला समजलं.

चौथ्या मजल्यावरच्या बाई दूध आणायला उतरल्या तेव्हा काका गेटच्या आत फरशीवर कुशीवर पडलेले होते. ते किती वेळ पडून होते हे कुणालाच सांगता येईना. विमलाबाई आत चहा टाकत होत्या. बाहेर हॉर्न वाजला तेव्हा, गेली गाडी, आता हे येतील, असं मनाशी म्हणून त्यांनी दुसऱ्या कपात साखर घातली होती. निकिताने रुग्णवाहिकेला फोन लावला, मग त्यासाठी न थांबता रस्त्यावर जाऊन रिक्षा आडवी घातली. इमारतीत गाड्या दोनच. एक गावाला गेलेली, दुसरी मांजरीच्या वाटेवर. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी रिक्षातच नाडी बघितली आणि स्ट्रेचरवाल्यांना घाई नको म्हणून खूण केली.

धम्मदीपला लगेच निघायचं होतं. पण गाडी त्याने बंद केली होती. साइटवरच्या चौघांनी ती ढकलली. बिबवेवाडीत आल्यावर त्याने ती गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि इमारतीपर्यंत चालत गेला.

दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत काकांच्या जावयाने त्याला बाजूला घेऊन विचारलं, “तुम्ही होतात ना तेव्हा? काय झालं नेमकं?”

“गाडी सुरू झाली आणि मी वळलो,” धम्मदीप म्हणाला. “मागचं काही दिसलं नाही.”

हे वाक्य त्याने पुढच्या दोन दिवसांत निदान दहा जणांना सांगितलं. प्रत्येक वेळी ते जरा सोपं जात होतं. कुणी त्याला दोष दिला नाही. वय झालं होतं, हृदयाचं होतंच, काम करता करता गेले, भाग्यवान, असंच सगळे म्हणत होते. एकसष्ट हे काही वय नव्हे, हे कुणी म्हटलं नाही.

आठ दिवसांनी भैरू नवी मोटर पिशवीत घालून गल्लीच्या तोंडाशी आला, कारण धम्मदीपने कुणालाही धक्का मारू द्यायला नकार दिला होता. भैरूला काही माहीत नव्हतं. गाडीखाली पुठ्ठा अंथरून तो झोपला, आणि धम्मदीप उन्हात उभा राहून त्याच्या बाहेर आलेल्या पायांकडे बघत राहिला.

“चार महिने ओढलीत की,” भैरू गाडीखालून म्हणाला.

“हं.”

“पब्लिक चांगलं आहे तुमच्याकडचं. आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी कुणी हात लावत नाही.”

काम सुरू झालं तेव्हा अकरा वाजले होते. भैरू हात पुसत उठला तेव्हा अकरा चाळीस. “मारा सेल्फ,” तो म्हणाला. धम्मदीपने किल्ली त्याच्या हातात दिली. भैरूने बाहेरूनच वाकून किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

धम्मदीपने साडेसहा हजार रुपये मोजून दिले.

“जुनी मोटर ठेवू का मी? भंगारात तीनेकशे येतील. तुम्हाला कमी करतो.”

“ठेवा. कमी काही करू नका,” धम्मदीप म्हणाला, आणि गाडी तिथेच ठेवून घरी गेला.

तेरावा झाल्यावर काकांची मुलगी जया वर आली. ती वारज्याला राहायची, एका पतपेढीत नोकरी करायची. निकिताने दार उघडून आत बोलावलं.

“बसा ना.”

“बसायला नाही आले. गाडी आता सुरू होते म्हणे?”

धम्मदीप खुर्चीतून उठला होता. “हो,” तो म्हणाला.

“किती लागले?”

“साडेसहा हजार.”

“आणि वेळ?”

“चाळीस मिनिटं.”

जयाने मान हलवली, काउंटरवर कुणाची स्लिप तपासावी तशी. “बाबांना स्टेंट होता हे तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणजे... नक्की तसं... बोलण्यात कधी...”

“माहीत होतं,” निकिता म्हणाली. ती अजून दारापाशीच उभी होती. “काकूंनी मला सांगितलं होतं. मी त्याला सांगितलं. फेब्रुवारीत.”

खाली कुणीतरी बादली ओढत नेत होतं. जया वळली, आणि बाहेर पडताना तिची नजर भिंतीवरच्या टीव्हीवर गेली.

“हाच का?” ती म्हणाली. “बाबा सांगत होते, फार मोठा आहे म्हणून.”

ती उतरून गेल्यावर धम्मदीप म्हणाला, “तिच्यासमोर बोलायची गरज होती?”

“तुझ्यासमोर बोलले होते की,” निकिता म्हणाली. “त्याचं काय झालं?”

त्यानंतर त्यांच्यात भांडण असं झालं नाही. निकिता शाळेत जायची, यायची, दोघांसाठी जेवण करायची. तो काही बोलला की उत्तर द्यायची. स्वतःहून काही बोलायची नाही. ती गाडीत मात्र पुन्हा बसली नाही. कुठे जायचं झालं तर स्कूटर काढायची. सकाळी गाडी आता किल्लीला सुरू व्हायची, आणि तो आवाज चारही मजल्यांवर जातो हे धम्मदीपला पहिल्यांदाच जाणवत होतं. म्हणून तो गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवायला लागला.

मेच्या अखेरीस विमलाबाई जयाकडे राहायला जाणार असं ठरलं. फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. निघायच्या दिवशी जया टेम्पोबरोबर पुढे गेली होती आणि तिच्या नवऱ्याला रिक्षा घेऊन यायला तासभर होता. धम्मदीप खाली गेला. दार उघडंच होतं. मोकळ्या खोलीत विमलाबाई जमिनीवर बसून उरलेली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

“काकू, मी सोडतो तुम्हाला वारज्याला.”

“नको.”

“सामान तरी—”

“सामान उचल हवं तर. त्या गाडीत मला बसवू नकोस.”

तो त्यांच्यासमोर बसला आणि भांडी कागदात गुंडाळू लागला. तीन वाट्या झाल्या. चौथी हातात घेऊन तो थांबला.

“काकू, मी खोटं बोललो. मला दिसले होते काका. आरशात.”

विमलाबाईंचे हात थांबले नाहीत. त्यांनी तांब्याला कागद लावला, कडा आत दुमडल्या, तांब्या पोत्यात ठेवला. मग विचारलं, “उभे होते का पडले होते?”

“उभे होते. वाकून. गुडघ्यांवर हात ठेवून.”

“तुझ्याकडे बघत होते?”

धम्मदीपला ‘हो’ म्हणता आलं असतं. हात केला मला, जा म्हणाले, असंही सांगता आलं असतं, आणि ते खोटं आहे हे कुणाला कधी कळलं नसतं.

“नाही,” तो म्हणाला. “खाली बघत होते.”

“म्हणजे पडले ते नंतर.”

“हो.”

“किती नंतर, ते नाही माहीत तुला.”

“नाही. मी वळलो. मी थांबायला पाहिजे होतं, काकू. थांबलो असतो तर—”

“ते मला सांगू नकोस,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “मी इथे, या खिडकीच्या आत होते. दहा पावलांवर. रोज बघत होते त्यांना धापा टाकताना, आणि अडवलं नाही. निवृत्त झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडायचे. तुझी गाडी अडली तेव्हापासून आपणहून उठून दाढी करायला लागले. मला बरं वाटायचं. म्हणून गप्प बसले.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “माझं मी बघेन. तुझं तू.”

धम्मदीपने चौथी वाटी कागदात गुंडाळून पोत्यात ठेवली.

“जयाला सांगू का मी?” धम्मदीपने विचारलं.

“काय?”

“दिसले होते ते.”

विमलाबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. “तिला सांगून काय होईल? तुला हलकं वाटेल. आणि ती रोज रात्री ते बघत बसेल, वाकलेला बाप. नको. आता सांगितलंस ते पुरे झालं. मला तरी कशाला सांगितलंस, कोण जाणे.”

बाहेर रिक्षाचा आवाज आला. त्याने पोतं उचलून रिक्षाच्या मागच्या बाजूला नीट बसवलं, वर दोन पिशव्या ठेवल्या. विमलाबाईंनी फ्लॅटला कुलूप लावलं, ते ओढून बघितलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जावयाच्या शेजारी जाऊन बसल्या. तो वाकून नमस्कार करायला गेला, पण त्यांनी पाय आत घेतले होते. मुद्दाम की जागा करायला, ते त्याला कळलं नाही. रिक्षा उतारावरून खाली गेली.

तो तीन मजले चढून घरात आला. निकिता टेबलाशी वह्या तपासत बसली होती. कित्येक दिवसांनी तिने आपणहून विचारलं, “काय म्हणाल्या काकू?”

तिच्या हातातलं लाल पेन थांबलं होतं. सांगायची वेळ हीच होती. तिने विचारलं होतं आणि ती वाट बघत होती.

“काही नाही,” धम्मदीप म्हणाला. “गेल्या नीट.”

निकिताने क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढची वही उघडली.